कंसातलं

सव्वीस वर्षं मी त्याचं बोलणं उतरवून घेतलं
मेरिदाच्या सभागृहात, व्यासपीठाच्या पायथ्याशी,
जिथून वक्त्याचे फक्त जोडे दिसतात
आणि हनुवटी.
कासियानो रेबोयो, वाल्देहेलेचोचा आमदार.
माझ्या लघुलिपीत त्याच्या नावाची खूण होती
एक आडवी रेघ, टोकाला आकडा,
मासे धरायच्या गळासारखी.

पहिल्या वर्षी जोडे जाडजूड, कातडी,
शिवणीत अजून डुकरांच्या वाड्याचा चिखल.
मग काळे, बंदांचे.
मंत्री झाला तेव्हा इटालियन,
आणि सत्ता गेल्यावर तेच इटालियन, तळवे बदलून.
बाकही बदलले: तिसरी रांग, पहिली रांग,
शेवटी खिडकीजवळची,
जिथे ऊन येतं आणि कुणी प्रश्न विचारत नाही.

पूल तेवढा बदलला नाही.
तामुहा नदीवर पूल हवा, हे त्याचं पहिलं भाषण.
(टाळ्या.) मीच लिहिल्या, कंसात.
पुढच्या वर्षी (काही टाळ्या).
सातव्या वर्षी (डावीकडून हशा).
अकराव्या वर्षी खातं त्याच्याच हातात आलं,
आणि पूल अभ्यासाधीन झाला.
पुलाखालून बरंच पाणी गेलं, असं म्हणायची रीत आहे.
आमच्याकडे पाणी गेलं.

छपरावर करकोचे चोची वाजवायचे,
नवखे आमदार त्यालाच दाद समजून फुलायचे.
तो कधी फसला नाही. थांबायचा,
वर बघायचा, म्हणायचा,
'त्यांचं झालं की मी बोलतो.'
हे इतिवृत्तात आहे, दोनदा.
बायकोला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी
ऑलिव्हच्या अनुदानावर तो एक तास दहा मिनिटं बोलला,
एकही आकडा न चुकता.
तेही आहे.
दर डिसेंबरात माझ्या टेबलावर मिरचीपुडीचा डबा,
ओकच्या धुराचा वास, चिठ्ठी नाही.

आणि मग तो मार्च.
सहापेक्षा कमी मुलं असतील त्या शाळा बंद.
विधेयक त्याचंच, यादीही त्यालाच वाचायची,
वर्णानुक्रमे.
आमच्या वर्णमालेत 'व' जवळजवळ शेवटी येतो.
त्याने एकोणचाळीस गावं वाचली,
भाव वाचावेत तशी, एका सुरात,
आणि चाळिसाव्यापाशी आवाज गेला.
माझी पेन्सिल कागदावर टेकलेली.
घड्याळात मी पाहिलं, पाऊण मिनिट.
शांततेला आमच्या लिपीत खूण नाही.
नियमही आहे: जे बोललं गेलं नाही ते लिहू नये.
पण पान कोरं कसं ठेवायचं?
मी लिहिलं (सन्माननीय सदस्य पाणी पितात).
मग त्याने गावाचं नाव घेतलं.
बाजूने तेहतीस, विरोधात एकतीस.

शेवटच्या दिवशी तो तळघरात आला, माझ्या खोलीत.
निरोपाची भाषणं वर अजून चालू होती,
माझ्या जागी एक पोरगी यंत्र घेऊन बसली होती.
म्हणाला, ते मार्चचं पान दाखवाल?
वही काढायला वेळ लागला.
तो वाकून बघत राहिला, चष्मा कपाळावर,
माझ्या सगळ्या रेघा, गळ, ठिपके.
'इथे मी काय म्हणतोय?'
'पाणी पिताय.'
'ग्लास रिकामा होता, प्लासिदा.'
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, दोन्या न लावता.
'ठाऊक आहे,' मी म्हणाले,
'खालून हनुवटी दिसते.'

बराच वेळ त्याने बोट त्या ओळीवर ठेवलं.
'दुरुस्ती करता येते का?'
'तीस दिवसांत. ती मुदत कधीच गेली.'
'मग राहू दे,' म्हणाला.
'पुढे कुणी वाचलंच,
तर म्हणतील, म्हाताऱ्याला तहान लागली होती.'